पिकअपला टर्बो हवा की साधं इंजिन?

मंडळी, गावाकडे इंजिनिअर होण्याचे काही तोटे आहेत. तुम्ही हिंजवडीत बसून दिवसभर कीबोर्ड बडवत असाल, तुमच्या आयुष्यात स्पॅनरचा संबंध शेवटचा वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला आला असेल, तरी सणसरमध्ये तुम्ही 'विंजनेर'. मग बोअरची मोटर का जळली, मोबाईलला रेंज का नाही आणि नवी पिकअप टर्बोवाली घ्यावी की बिनटर्बोची, या सगळ्यावर तुमचं मत असलंच पाहिजे अशी लोकांची समजूत असते.

यातला तिसरा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला इतक्यांदा विचारला गेलाय की म्हटलं, या वीकेंडला एकदाचं लिहूनच टाकू. पुण्यातल्या वाचकांना हा प्रश्न फारच गावठी वाटेल. पण तुम्ही रोज सकाळी जी कोथिंबीर, डाळिंब आणि दुधाची पिशवी घेता, ती कुठल्या ना कुठल्या पिकअपमधूनच आलेली असते. आणि ज्याच्या पिकअपमधून आली, त्याच्या घरातला तो सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय असतो. आपण नवा फोन घेताना जेवढे रिव्ह्यू वाचतो तेवढेही रिव्ह्यू न वाचता, पारावरच्या गप्पांवर आठ-दहा लाखांची गाडी हप्त्यावर घेतली जाते. म्हणून जरा नीट बोलू.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायची सक्ती नको. रोज लांबचा पल्ला आणि टनाच्या वर माल असेल तर टर्बो डिझेल, डोळे झाकून. रोजची फेरी पंचक्रोशीतलीच आणि माल पाच-सातशे किलो असेल तर साधं पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन असलेली छोटी गाडी. आणि "जुनं ते सोनं" म्हणत कर्ज काढून जुनी बिनटर्बो डिझेल गाडी विकत घेणं, हे माझ्या मते या तिघांत सगळ्यात वाईट. का, ते आता सांगतो.

टर्बो म्हणजे नक्की काय?

इंजिनला डिझेल पाजणं सोपं असतं, हवा पाजणं अवघड. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावर भागवतं. त्यात जास्त डिझेल ओतलं तर ते अर्धवट जळतं आणि मागून काळा धूर निघतो. चढावर जुन्या गाड्या जो धूर ओकायच्या तो हाच, म्हणजे न जळालेले तुमचे पैसे.

टर्बो काय करतो? सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतं. दाबलेली हवा तापते म्हणून मध्ये तिला गार करायला इंटरकूलर. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं, म्हणून त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद. कल्पना काही आजची नाही. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या 14,000 फुटांच्या डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन टर्बोची चाचणी केली, कारण उंचावरच्या विरळ हवेत साधं इंजिन दमतं. म्हणजे टर्बो हे नवं फॅड आहे असं जे कुणी पारावर सांगत असेल, त्याला ही शंभर वर्षांची कुंडली दाखवा :-)

आता इथे लगेच एक जण म्हणतो, "अरे पण आपल्या गावाला कुठं डोंगर आहे?" मुद्दा बरोबर आहे. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. एवढ्या उंचीवर हवा पाचेक टक्के विरळ होते. तेवढ्यासाठी टर्बो घ्यायची काही गरज नाही. टर्बोचं खरं काम आपल्याकडे वेगळंच आहे.

हॉर्सपॉवर विसरा, ओढ बघा

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, कारण तिथे हाच वाद मोठ्या प्रमाणावर झाला. 2011 च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-150 या पिकअपमध्ये दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवली. एक साधं, 5 लिटरचं, आठ सिलिंडरचं. दुसरं टर्बोचं, 3.5 लिटर, सहा सिलिंडर. हॉर्सपॉवर जवळजवळ सारखीच, साध्याची 360 आणि टर्बोची 365. मग फरक कुठे? फरक टॉर्कमध्ये, आपल्या भाषेत ओढीत. साध्या इंजिनची सगळ्यात जास्त ओढ यायची 4,250 आरपीएमला. टर्बोची त्याहून जास्त ओढ यायची 2,500 लाच. म्हणजे एकाला जोर लावायला बोंबलावं लागतं, दुसरा शांतपणे उचलतो.

आता हे चित्र आपल्या रानात आणा. काळी जमीन, वरून पाऊस पडून गेलेला, नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा तो चिखलाचा रस्ता आणि हौद्यात डाळिंबाचे क्रेट. अशा वेळी गाडी पहिल्या गिअरवर रेस न करता हळूच निघणं महत्त्वाचं. रेस केली की चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा करतं आणि मग ट्रॅक्टर बोलवा. आपल्याकडच्या अडीच लिटरच्या टर्बो डिझेल पिकअप दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपासच आपली पूर्ण ओढ देतात. ही गोष्ट जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरच्या आकड्यात कधी दिसत नाही, पण ड्रायव्हरच्या डाव्या पायाला आणि क्लच प्लेटच्या खर्चात नक्की दिसते.

एक मात्र खरं. टर्बोला जोर धरायला थोडा वेळ लागतो, अगदी हजार आरपीएमच्या खाली तोही साध्या इंजिनासारखाच गरीब असतो. ज्यांची सवय जुन्या गाडीची आहे त्यांना पहिले काही दिवस ती "मेल्यासारखी उठते" असं वाटतं. सवयीचा भाग आहे.

घाटाचा गैरसमज

"घाटात टर्बो पाहिजेच" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पण सणसरचा माल जातो कुठे ते बघा. सोलापूर हायवेने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलात तर रस्ता बहुतेक सपाट. मोरगाव-जेजुरी-सासवडवरून गेलात तर सासवडपर्यंत हळूहळू चढ आणि मग दिवे घाटाचा उतार. वाशीच्या मार्केटला गेलात तर खंडाळ्याचा उतार. म्हणजे दोन्ही मोठे घाट आपण भरल्या गाडीने उतरतो आणि रिकाम्या गाडीने चढतो!

थोडक्यात काय, घाटात आपल्याला जे वाचवतं ते टर्बो नव्हे. खालचा गिअर, चांगले ब्रेक लायनर आणि लायकीचे टायर. शोरूममध्ये इंजिनाबद्दल अर्धा तास विचारणारा माणूस ब्रेकबद्दल एक प्रश्न विचारत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

बग एका मॉड्यूलमध्ये, शिव्या दुसऱ्याला

आता टर्बोवरच्या तक्रारींकडे येऊ. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक नेहमीचा प्रकार आहे. स्क्रीनवर चूक दिसली की सगळे स्क्रीन बनवणाऱ्याला धरतात, आणि चूक निघते खाली डेटाबेसमध्ये. टर्बोचं तसंच झालंय.

एप्रिल 2017 मध्ये देशभर बीएस-4 आलं आणि एप्रिल 2020 मध्ये बीएस-6. या नियमांनी डिझेल गाडीत बरंच काही वाढवलं. कॉमन रेल, ईजीआर, ढीगभर सेन्सर आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर. हा फिल्टर भरला की गाडी तो स्वतःच तापवून आतली काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालावी लागते. आता विचार करा, एखादी गाडी रोज वस्तीवरून डेअरीवर, डेअरीवरून घरी, अशी दोन-दोन किलोमीटर थांबत थांबत फिरते. तिचा फिल्टर जळून साफ होणार कधी? मग दिवा लागतो, गाडी ओढायची थांबते आणि मालक म्हणतो, "टर्बो गेला."

टर्बो जागेवर असतो. चूक गाडी आणि तिचं काम यांच्या जोडीत असते.

टर्बो खरोखर जातो तेव्हा कारणं बहुतेक तीनच असतात. पहिलं ऑईल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे फिरतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑईल बदलायची तारीख "सीझन संपल्यावर बघू" म्हणून ढकलली की पहिला मार तिथे बसतो. दुसरं, भरधाव आल्या आल्या चावी बंद करणं. इंजिन थांबलं की ऑईलचा पुरवठा थांबतो, पण धुराच्या बाजूचं चाक अजून लालबुंद असतं. तिथे अडकलेलं ऑईल करपतं, कढईतल्या तेलासारखं. थांबल्यावर मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवायची, एवढाच उपाय. तिसरं, धूळ. गळीत हंगामात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांची अवस्था ज्याने पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. एअर फिल्टर तीन-तीनदा हवा मारून परत बसवायची जी आपली पद्धत आहे, ती साधं इंजिन एक वेळ निमूट सोसतं. टर्बोच्या हवेच्या बाजूची पाती मात्र आत शिरलेल्या धुळीने झिजतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न "कुठलं इंजिन" हा नसतोच. "गाडी कोण चालवणार?" हा असतो. मालक स्वतः चालवणार असेल तर टर्बो दहा वर्षं सुखाने चालतो. दर महिन्याला नवा ड्रायव्हर असेल तर हे मिनिटभर थांबण्याचं शास्त्र कुणाकुणाला शिकवणार?

जुनं ते सोनं?

जुन्या बिनटर्बो डिझेलबद्दल मला आदर आहे, हे आधी स्पष्ट करतो. टेल्कोने 1988 साली टाटामोबाईल आणली, तिचं 1948 सीसीचं साधं डिझेल इंजिन पुढे सिएरा आणि सुमोतही आलं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावचा मिस्त्री ते झाडाखाली उघडून बसवू शकायचा. 2005 साली टाटा एस आली, 702 सीसी, दोन सिलिंडर, अवघी 16 हॉर्सपॉवर. तिने तर छोट्या मालवाहतुकीचं गणितच बदलून टाकलं. आणि आमच्या शेजारीच, बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना. तिथून निघालेल्या, एका सिलिंडरच्या साध्या डिझेलवर टकटकत जाणाऱ्या आपे रिक्षांनी किती घरं उभी केली याची गणती नाही. यातल्या कुणालाच टर्बो नव्हता आणि कुणाचं अडलंही नाही.

पण काळ बदलला. आज शोरूममध्ये जाऊन टनाच्या वर माल नेणारी नवी डिझेल पिकअप मागितली तर ती टर्बोवालीच मिळते, कारण स्वच्छ धुराचे नियम पाळत ताकद द्यायची तर जास्त हवा लागतेच. म्हणजे "साधं डिझेल" याचा आजचा अर्थ "जुनी गाडी" असा आहे. तुलना दोन इंजिनांची उरलेलीच नाही. ती एक नवी गाडी आणि एक बऱ्याच पावसाळ्यांची गाडी यांची आहे.

आता हिशोब करू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा जुनी गाडी लिटरला 12 देते, नवी टर्बो 15, आणि डिझेल 90 रुपये.

पुण्याला रोज जाऊन-येऊन 240 किलोमीटर. जुनीला 20 लिटर, नवीला 16. रोजचे 4 लिटर, म्हणजे 360 रुपये वाचले. महिन्याला 25 दिवस धरले तर 9,000 रुपये. हप्त्याचा बराच भाग नुसता डिझेलमधून निघतो.

आता तीच गाडी रोज फक्त 40 किलोमीटर फिरते असं समजा. वाचले रोजचे 60 रुपये. महिन्याला 1,500. एवढ्यावर नव्या गाडीचा हप्ता सोडा, विम्याचा हप्तासुद्धा निघायला वेळ लागेल.

बघा, इंजिन तेच, गाव तेच, डिझेलचा भाव तोच. फक्त किलोमीटर बदलले आणि उत्तर उलटं झालं. म्हणून पारावर दोन माणसं टर्बोवरून भांडत असतात तेव्हा बहुतेक दोघंही बरोबर असतात. एक मार्केट यार्डाला जातो आणि दुसरा डेअरीला.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ज्याच्या दारात आधीच जुनी, नीट चालणारी, कर्ज फिटलेली बिनटर्बो गाडी आहे आणि ज्याची फेरी छोटी आहे, त्याने ती मुळीच विकू नये. भावकीत कुणी नवी घेतली म्हणून तर नाहीच नाही. पण जो आज नव्याने धंद्यात उतरतोय त्याने कर्ज काढून जुनी घेऊ नये. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर सहसा चढाच असतो, आठ वर्षं झाली की पासिंग दर वर्षी, आणि ती नेमकी भर सीझनला इंजिन-कामाला उघडते. द्राक्षाचा माल तोडून ठेवलाय आणि गाडी गॅरेजला, यात इंजिनाच्या खर्चापेक्षा मालाचं नुकसान मोठं असतं. शिवाय व्यापारी पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो तो वेगळाच.

छोट्या फेऱ्यांसाठी नवी घ्यायचीच असेल तर टाटा एस, मारुती सुपर कॅरी यांच्यासारख्या गाड्यांची पेट्रोल आणि सीएनजी मॉडेलं आहेत, साध्या इंजिनाची. सुपर कॅरीचीच गंमत बघा. 2016 मध्ये ती आली तेव्हा तिला 793 सीसीचं टर्बो डिझेल होतं. बीएस-6 आलं आणि ते डिझेल बंद झालं, साधं पेट्रोल-सीएनजी राहिलं. एवढ्या छोट्या गाडीला डिझेलची सगळी नवी यंत्रणा बसवणं महागात जातं. म्हणजे कंपन्यांनीसुद्धा शेवटी तोच निकाल लावला. मोठ्या ओझ्याला टर्बो, छोट्या ओझ्याला साधं. फक्त सीएनजी घेताना पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का ते बघा. गॅससाठी वीस किलोमीटर वाकडी वाट करायची असेल तर बचत तिथेच संपली.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

टर्बोचा एक तोटा कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो. तो म्हणजे त्याला ओझं जाणवत नाही. साधं इंजिन जास्त भरलं की रडायचं. चढावर दुसऱ्या गिअरवर यायचं, धूर ओकायचं, ड्रायव्हरला आपोआप कळायचं की बास झालं. टर्बो तक्रार करत नाही, दीड टनाच्या जागी अडीच टन भरले तरी निमूट निघतो. पण चेसिस, पाटे, टायर आणि ब्रेक यांना कुणी टर्बो बसवलेला नसतो. आणि वर सांगितलंच, भरली गाडी आपण घाट उतरतो. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण दंड हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आणि त्या हौद्यात नेहमी डाळिंबच असतं असंही नाही. सकाळी मजूर बायका असतात, लग्नसराईत वऱ्हाड असतं. इंजिन हलकं चालतंय म्हणून ड्रायव्हर वेगात असतो. पालखी मार्गाच्या चौपदरी कामाने रस्तेही आता असे झालेत की काटा ऐंशीवर कधी गेला ते कळत नाही. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी ते रोज चालतं, कारण रानात जायला दुसरं वाहन नसतं. या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये मिळणार नाही, मान्य. पण ज्याच्या हातात चावी आहे त्याने निदान एवढं लक्षात ठेवावं की इंजिनाला पेलवतं म्हणजे गाडीला पेलवतं असं नाही.

तेव्हा मंडळी, गावाकडून तुम्हाला असा फोन आला तर टर्बो की साधं यावर लगेच मत ठोकू नका. चार गोष्टी विचारा. रोजचे किलोमीटर किती, माल किती, चालवणार कोण आणि हप्ता कशातून भरणार. या चारांची खरी उत्तरं मिळाली की इंजिन आपोआप ठरतं. आणि ठरल्यावर पाचवी गोष्ट विचारू नका, सरळ सांगा. हौद्यावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच भर.